मॉरिस मायनर व्हॅन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ब्रिटनमध्ये १९५३ ते १९७१ या काळात तयार झालेल्या मॉरिस मायनर व्हॅनबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही वाचक ब्रिटनमध्ये राहतात आणि त्यांच्याकडे ही गाडी आहे किंवा ती घेण्याचा त्यांचा विचार आहे. काहींना इतिहासात रस आहे, तर काही जण छोट्या प्रतिकृती बनवतात.

प्रश्न: मायनर मोटारीच्या पाठीवर पत्र्याची पेटी बसवली की व्हॅन झाली, असेच ना? तिचा वेगळा इतिहास तो काय असणार?

उत्तर: असा समज सर्रास आढळतो, आणि त्यामुळेच या व्हॅनची पारख चुकते. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मायनर मोटार ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिला स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नव्हती. तळ, बाजू आणि छत मिळून एक ताठ कवच होते आणि सगळा भार ते कवचच पेलत असे. चार माणसे नेणाऱ्या गाडीला ही रचना उत्तम. व्हॅनचे मात्र तसे नसते. मागे मोठी दारे हवीत म्हणजे कवचाला मोठे भोक पडणार, माल एकाच जागी रचला जाणार, आणि एका ग्राहकाला व्हॅन हवी तर दुसऱ्याला पिकअप, तिसऱ्याला नुसती चॅसी आणि केबिन.

म्हणून मे १९५३ मध्ये आलेल्या व्हॅनचा पुढचा भाग मोटारीचाच ठेवला. इंजिन, टॉर्शन बारचे (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांचे) सस्पेन्शन, रॅक-पिनियनचे स्टिअरिंग, सगळे तेच. केबिनखालून मागे मात्र चौकोनी पेटीसारख्या बंद छेदाच्या दोन तुळया नेल्या. मागच्या ॲक्सलवरून जाताना त्या वर उचलल्या आणि मालाची पेटी त्यांच्यावर बोल्टने बसवली. म्हणजे ही गाडी पुढून मोटार आणि मागून ट्रक आहे. तिची ताकद, तिचे आजार आणि आज त्या इतक्या कमी का उरल्या याचे बरेचसे उत्तर या मागच्या सांगाड्यात आहे.

तिच्या आधी मॉरिसची झेड मालिकेतली छोटी व्हॅन होती. १९४० ते १९५३ दरम्यान बनलेली ती गाडी मॉरिस एट मोटारीवर आधारलेली होती. नव्या व्हॅनची सुरुवातीची क्षमता पाव टन, म्हणजे ५ हंड्रेडवेट किंवा सुमारे २५४ किलो. इंजिन ८०३ सीसीचे आणि तेही मूळचे ऑस्टिनचे, कारण १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिसचा नफील्ड समूह एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली होती. १९५६ मध्ये ९४८ सीसी इंजिन आले आणि पुढची दुभंगलेली काच जाऊन एकसंध वक्र काच आली. १९६२ मध्ये १०९८ सीसी. क्षमता आधी ६ आणि १९६८ पासून ८ हंड्रेडवेटपर्यंत गेली. ८ हंड्रेडवेट म्हणजे सुमारे ४०६ किलो. त्यासाठी मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, अधिक भक्कम केले.

या गाड्या एकाच कारखान्यात बनल्या नाहीत. ऑक्सफर्डच्या काउलीत सुरुवात झाली, १९६०च्या दशकाच्या आरंभी ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यातही काही बनल्या आणि अखेरची वर्षे बर्मिंगहॅमच्या ॲडर्ली पार्कमध्ये गेली. मायनर सलून, म्हणजे नेहमीची बंद मोटार, १९७० मध्ये बंद झाली, लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर १९७१ च्या वसंतात, आणि व्हॅन त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत चालू राहिली. व्हॅन आणि पिकअप मिळून सव्वातीन लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

प्रश्न: आम्ही लेस्टरमध्ये राहतो. एक मायनर व्हॅन विकत घेण्याचा विचार आहे. रंग नवा आहे, इंजिन छान चालते. काय तपासावे?

उत्तर: नव्या रंगावर आणि गोड आवाजाच्या इंजिनावर भाळू नका. या गाडीचे इंजिन दुरुस्त करणे सोपे आणि सुटे भाग मुबलक मिळणारे. पैसा जिरतो तो चॅसीत.

आधी ती खरी व्हॅन आहे का ते पाहा. सलून किंवा ट्रॅव्हलर कापून बनवलेल्या व्हॅन बाजारात असतात. मागून खाली वाका. खऱ्या व्हॅनला पेटीच्या तळाखाली लांब जाणाऱ्या दोन स्वतंत्र तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे दिसतात. मोटारीच्या दाबून आकार दिलेल्या पत्र्याचा तळ दिसला, तर ती मुळात व्हॅन नव्हती. गाडीवरच्या पट्टीवरचा चॅसी क्रमांक नोंदणी कागदाशी जुळवा आणि त्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे व्हॅनची आहेत का, हे मायनरच्या मालक मंडळाकडून पडताळून घ्या.

मग गंज. तुळई मागच्या ॲक्सलवरून जिथे उचलली आहे तो बाक पहिला पाहा. चाकाने उडवलेला चिखल त्याच्यावर साठतो, ओल टिकते, आणि बंद छेद असल्याने आतून सडलेले बाहेरून कळत नाही. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने ठोकत जा. टणक टणत्कार यायला हवा. आवाज बोदा आला किंवा पापुद्रा निघाला, तर आत काही उरलेले नाही. नंतर मागच्या पाट्यांचे पुढचे टोक जिथे अडकवले आहे ती जागा. तिथला पत्रा फाटला तर ॲक्सल तिरके बसते आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. तिसरी जागा केबिनखालचा मधला आडवा दांडा. टॉर्शन बारची मागची टोके त्याच परिसरात अडकलेली असतात, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचा भार तिथे उतरतो. केबिनचे खालचे कोपरे आणि दाराखालचे पट्टे सडलेले असतात, पण तो खर्च त्या मानाने हलका.

गंजावर ठिगळ मारले असेल तर ते कसे मारले ते पाहा. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग केले असेल, तर मधल्या फटीत पाणी मुरते आणि गंज दुप्पट वेगाने वाढतो. सडलेला भाग कापून तितकाच नवा तुकडा कडेला कड लावून बसवलेला असावा. काळ्या डांबरी लेपाचा जाड थर ताजा दिसला, तर विक्रेत्याच्या परवानगीने एका जागी खरवडून बघा. परवानगी नाकारली तर गाडी तिथेच सोडा.

ग्रेट ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मूळ बांधणीत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. म्हणून एखादी व्हॅन कित्येक वर्षे कुणी खालून पाहिलेलीच नसते. स्वेच्छेने एमओटी करून घेता येते. सौदा ठरण्यापूर्वी ती करून घ्यायला सांगा. त्या फीच्या कितीतरी पट पैसे वाचतात.

प्रश्न: माझ्या व्हॅनमध्ये नेमके कोणते इंजिन आहे हे कसे ओळखू?

उत्तर: इंजिनाच्या ब्लॉकवर रिव्हेट केलेली छोटी पट्टी असते. क्रमांक एपीएचएम अक्षरांनी सुरू होत असेल तर ८०३, ९एम असेल तर ९४८, १०एमए असेल तर १०९८ सीसी. तीनही इंजिने ए-सीरीज या एकाच घराण्यातली, पण ८०३ आणि पुढच्या दोघांत मोठी तफावत आहे. ८०३ मध्ये तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जातो, ९४८ पासून सगळे तेल आधी फिल्टरमधून जाऊन मग बेअरिंगला पोचते. म्हणून ८०३ चे तेल लवकर बदलावे लागते आणि ते सतत ताणून चालवू नये.

प्रश्न: मायनरचे पुढचे चाक चालताना मोडून आत दुमडते असे ऐकले. हे खरे आहे का? कसे टाळावे?

उत्तर: खरे आहे, आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. ज्या उभ्या पिनेवर पुढचे चाक वळते तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे असतात. त्या आट्यांवर एकेक ठोकळा स्क्रूसारखा बसतो. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की पिन ठोकळ्यात फिरते. म्हणजे एकाच आट्यावर दोन कामे आहेत, बिजागरीचे आणि भार पेलण्याचे. टॉर्शन बारचा सगळा जोर सस्पेन्शनच्या खालच्या हातातून खालच्या ट्रनियनवर येतो, म्हणून तोच आधी झिजतो. ग्रीस संपले की पाणी शिरते, आटे गंजतात, पातळ होतात आणि एक दिवस पिन ठोकळ्यातून निसटते. बहुधा हे गाडी हळू चालवत, चाक पूर्ण वळवून लावताना होते, कारण तेव्हा आट्यांवर सर्वांत जास्त पीळ येतो. वेगात झाले तर प्राणावर बेतेल.

उपाय ग्रीसचा. मूळ सूचना दर १,००० मैलांना, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरना ग्रीस भरण्याची होती. नंतरच्या गाड्यांसाठी हे अंतर वाढवले, पण आम्ही जुनेच पाळायला सांगू. गाडी वर्षभर फारशी फिरली नाही तरी हिवाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा भराच. पद्धतही महत्त्वाची आहे. चाके जमिनीवर असताना आटे एका बाजूला दाबलेले असतात आणि ग्रीस नेमके त्याच बाजूला पोचत नाही. म्हणून जॅक लावा, चॅसीखाली भक्कम स्टँड ठेवा आणि चाक लोंबकळू द्या. निप्पल (ग्रीस भरायचे छोटे तोंड) पुसून घ्या, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही आत जाईल. लिथियम ग्रीस पंप करा आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. वरच्या आणि खालच्या दोन्ही ट्रनियनच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. काहीच बाहेर येत नसेल तर निप्पल तुंबले आहे, ते काढून नवे बसवा. ट्रायम्फच्या काही मोटारींच्या ट्रनियनमध्ये गिअरचे तेल घालतात. ते वाचून मायनरमध्येही तेल घालणारे आहेत. तसे करू नका, मायनरला ग्रीसच लागते.

झीज तपासताना चाक लोंबकळत असू द्या आणि टायरखाली पहार घालून चाक वर उचला. त्याच वेळी दुसऱ्याने खालच्या ट्रनियनकडे नीट पाहावे. पिन ठोकळ्यात वरखाली हललेली दिसली तर तो भाग संपला. नुसता ट्रनियन बदलून भागत नाही, कारण पिनेचे आटेही तितकेच झिजलेले असतात आणि नवा ठोकळा काही महिन्यांत पुन्हा खाल्ला जातो. दोन्ही एकत्र बदला. डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग वेगळे आहेत, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. नवा ट्रनियन तळाला टेकेपर्यंत फिरवून मग थोडा मागे घ्या, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत कुठेही न अडता जाते का ते पाहूनच चाक चढवा.

प्रश्न: ब्रिटिश टपालखात्याच्या मायनर व्हॅनची प्रतिकृती बनवतो आहे. जुन्या छायाचित्रांत हेडलाइट मडगार्डच्या वर बाहेर आलेले दिसतात. असे का? रंग कोणते वापरावे?

उत्तर: त्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड रबराचे होते. गल्लीबोळांतून दिवसभर थांबत-निघत जाणाऱ्या टपालगाडीला रोज कुठे ना कुठे घासावे लागे आणि पत्रे ठोकण्याचा खर्च वाढे. त्यावर उपाय म्हणून खात्याने सुरुवातीच्या मायनर व्हॅनना रबरी मडगार्ड लावून घेतले. पण लवचीक रबरात हेडलाइट बसवला तर त्याचा झोत स्थिर राहणार नाही, म्हणून दिवे स्वतंत्र डब्यांत वर घेतले. रबर कालांतराने लोंबू लागले आणि १९५०च्या दशकातच ही पद्धत सोडून देण्यात आली. त्यामुळे प्रतिकृतीत रबरी मडगार्ड असतील, तर पुढची काच दुभंगलेलीच हवी. एकसंध वक्र काच आणि वर आलेले दिवे ही जोडी करू नका. चालकासमोरची काच बाहेर उघडता येणे आणि मागच्या दारांच्या काचांना जाळी असणे ही टपालगाडीची खास चिन्हे आहेत, ती जरूर दाखवा.

रंगांसाठी ब्रिटिश मानक ३८१सी मधले क्रमांक धरा. टपालगाडीचा लाल ५३८. टपालखात्याच्याच दूरध्वनी विभागाच्या अभियंत्यांच्या व्हॅन, ज्यांच्या टपावर शिडी असे, त्या हिरव्या, क्रमांक २२३. हीच व्हॅन पिवळी करायची असेल तर ३५६, पण तो रंग १९६०च्या दशकाच्या अखेरीस आला. १९५० च्या दशकातली पिवळी व्हॅन चूक ठरेल. आणखी एक बारकावा आहे. स्कॉटलंडची टपालगाडी करत असाल, तर राणी एलिझाबेथ यांचे आद्याक्षरचिन्ह लावू नका. स्कॉटलंडवर याआधी एलिझाबेथ नावाची राणी कधी झालीच नव्हती, त्यामुळे चिन्हातल्या ‘दुसरी’ या आकड्याला तिथे कडाडून विरोध झाला. १९५३ पासून तिथे नुसता स्कॉटिश मुकुट वापरला गेला.

प्रश्न: ब्रेकचे पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जाते. चाकांपाशी गळती दिसत नाही. दोष कुठे?

उत्तर: टाकीतली द्रवाची पातळी तशीच असेल, तर मास्टर सिलिंडरमधली रबरी सील द्रव मागे सोडते आहे. पातळी उतरत असेल, तर गळती चॅसीच्या पोकळीत होत असेल. या गाडीचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली चॅसीच्या तुळईतच बसवला आहे. तिथे ओल असते, त्यामुळे सिलिंडर आतून खवले पडून खराब होतो. खवले पडले असतील तर नुसती सील बदलून दोन-चार महिने निघतील. पूर्ण सिलिंडर बदला.

त्याचे झाकण पायाखालच्या छोट्या पत्र्याखाली असते. झाकण उघडण्यापूर्वी आजूबाजूची धूळ नीट काढा. सिलिंडर काढताना खरी अडचण येते ती टॉर्शन बारची. बोल्ट बाहेर ओढायला गेले की तो बार आडवा येतो. तो बाजूला घेण्यापूर्वी त्या बाजूच्या सस्पेन्शनचा ताण संपूर्ण उतरवा, बार ताणलेला असताना त्याला हात लावणे धोक्याचे आहे. परत बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घाला, म्हणजे पुढच्या वेळी बार न काढता काम होईल.

या कामात ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढण्याआधी सगळ्या चाकांचे ब्रेक शू ड्रमला टेकेपर्यंत घट्ट करा. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन ॲडजस्टर आहेत, मागच्याला एक. पुढचा दुसरा ॲडजस्टर विसरला जातो आणि मग पेडल कितीही हवा काढली तरी खोलच राहते. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम ठेवा. नंतर शू पुन्हा सैल करून चाक मोकळे फिरते ना ते पाहा. ही एकाच सर्किटची यंत्रणा आहे, एक सील गेली तर चारही चाकांचे पायब्रेक जातात. म्हणून हँडब्रेक नेहमी नीट कसलेला ठेवा.

प्रश्न: मागच्या बाजूंना खिडक्या नसलेली व्हॅन कुटुंबासाठी विकत घेणारे लोक त्या काळी बरेच होते म्हणतात. का?

उत्तर: करामुळे. तेव्हा ब्रिटनमध्ये मोटारींवर खरेदी कर होता. चालकाच्या मागे बाजूच्या खिडक्या नसलेली व्हॅन मालवाहू धरली जाई आणि तिला तो कर नव्हता. नंतर खिडकी कापली की कर भरावा लागे.

प्रश्न: या इंजिनात आजचे पेट्रोल चालते का?

उत्तर: चालते, दोन गोष्टी सांभाळून. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० पासून थांबली. या इंजिनाचे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, बिडाचे आहे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाच्या थराचे संरक्षण मिळत असे. आता ती बैठक झिजून व्हॉल्व्ह आत रुततो. आवाजाने हे कळत नाही. उलट टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा) शांत होतात, कारण त्यांच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये असलेली फट कमी होत जाते, आणि शेवटी व्हॉल्व्ह नीट बंद न होऊन जळतो. दर ३,००० मैलांना फट मोजा. इंजिन थंड असताना ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिलिमीटर हवी. एकूण आठ व्हॉल्व्ह आहेत आणि नऊचा नियम लक्षात ठेवला की काम सोपे होते. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. एक्झॉस्टची फट प्रत्येक वेळी घटलेली सापडत असेल, तर हेड काढून कठीण धातूच्या बैठका बसवून घ्या. तोवर शिशाऐवजीचे मिश्रण टाकीत घालून चालवा. हेड परत बसवताना नट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने ४० फूट-पाउंडांपर्यंत आवळा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. सप्टेंबर २०२१ पासून तिथले साधे पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते. सुपर दर्जाचे, ई५ खूण असलेले पेट्रोल भरा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा. बॉनेटखालचा विजेचा एसयू पंप इंजिन सुरू करण्यापूर्वी काही क्षण टकटक करून थांबायला हवा. थांबलाच नाही तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पेट्रोल संपले आहे. टकटक मुळीच येत नसेल आणि हलका ठोका दिल्यावर सुरू होत असेल, तर त्याचे पॉइंट जळाले आहेत.

प्रश्न: एका व्हॅनवर ऑस्टिनचे नाव पाहिले. बनावट आहे का?

उत्तर: नाही. ऑस्टिनची ए३५ व्हॅन १९६८ मध्ये बंद झाली आणि ऑस्टिनच्या विक्रेत्यांकडे त्या आकाराची व्हॅन उरली नाही. मिनी व्हॅन होती, पण ती बुटकी, दहा इंची चाकांची, हलक्या मालाची. म्हणून मायनर व्हॅनलाच नागमोडी पट्ट्यांची जाळी आणि ऑस्टिनचे चिन्ह लावून विकले. १९७१ नंतर तिची जागा कंपनीच्या मरीना व्हॅनने घेतली, तर टपालखात्याकडे बेडफर्ड एचए हीदेखील मोठ्या संख्येने आली.

प्रश्न: महामार्गावर माझी १०९८ सीसी व्हॅन ताशी ५० मैल वेगातच किंचाळते. मित्राची त्याच इंजिनाची सलून निवांत चालते.

उत्तर: इंजिनात दोष नाही. व्हॅनचे मागचे ॲक्सल मालासाठी दिलेले आहे. चाकाच्या एका वेढ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे, किती वेढे होतात ते या ॲक्सलचे प्रमाण. १०९८ सलूनचे प्रमाण ४.२२, व्हॅनचे ४.५५. तुमच्या गाडीत कोणते आहे हे न उघडता मोजता येते. मागचे एकच चाक उचला, दुसरे जमिनीवर राहू द्या आणि त्याला पुढून-मागून अटकाव लावा. गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा आणि उचललेले चाक पूर्ण दोन वेढे फिरवा. शाफ्टचे सव्वाचार वेढे झाले तर सलूनचे ॲक्सल, साडेचारहून थोडे अधिक झाले तर व्हॅनचे. एक चाक अडलेले असताना डिफरन्शियल (दोन्ही चाकांना गती वाटून देणारा ॲक्सलमधला गिअर संच) मोकळ्या चाकाचा वेग दुप्पट करते, म्हणून दोन वेढे.

सलूनचा डिफरन्शियल संच व्हॅनच्या ॲक्सलमध्ये बसवता येतो. ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढा, मधला संच अख्खा काढून दुसरा लावा, नवे गॅस्केट घाला आणि ईपी ९० हे गिअरचे तेल सुमारे ०.८५ लिटर भरा. स्पीडोमीटर मग खरा वेग दाखवणार नाही, त्याचे अंशांकन करून घ्यावे लागेल. आणि व्हॅनमध्ये खरोखर माल नेत असाल, चढाचे रस्ते असतील, तर हा बदल करू नका. पूर्ण भार घेऊन चढावर निघताना क्लच जळतो तो याच कारणाने.